छोट्या गाड्या आणि कडेची नजर

आमचं दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं. म्हणजे यजमानांचं, मी शाळेत गणित शिकवायचे. यजमानांना घरात 'अहो' आणि बाहेर 'हे' म्हणायची सवय इतकी जुनी आहे की लिहितानाही ती सुटत नाही, तेव्हा इथंही ते 'हे'च. एका दिवाळीला कुठल्याशा ऑइलच्या कंपनीनं दुकानदारांना भेट म्हणून तळहातावर मावेल अशी धातूची मोटार दिली. लाल रंग, उघडणारी दारं, फिरणारं स्टिअरिंग. ह्यांनी ती टीव्हीशेजारी ठेवली आणि विसरून गेले.

धूळ पुसायला मीच होते. पुसताना रोज एक गोष्ट खुपायची. पुढचे दिवे, मागचे दिवे, दारांच्या मुठी, सगळं एकाच चंदेरी रंगात बरबटून टाकलेलं. खऱ्या गाडीचा मागचा दिवा लाल असतो, वळायचा दिवा नारिंगी असतो, हे ज्यानं ही गाडी केली त्याला माहीत नसेल का? एका रविवारी दुपारी मी नेलपॉलिशच्या ब्रशचे केस कापून अगदी थोडे ठेवले आणि मागच्या दिव्यांवर लाल रंग टेकवला. लांब धरून बघितलं. खेळणं होतं ते एकदम गाडी झालं. संध्याकाळी हे दुकानातून आले, त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी गाडी उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाले, "इंडिकेटर राहिला की."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच दुकानातून नारिंगी रंग आणला. तिथून हे वेड लागलं.

पुढे मी मोबाइलवर बघून बघून शिकत गेले. दार आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत पाण्यासारखा पातळ केलेला काळा रंग टेकवला की तो आपोआप फटीतून पळत जातो, आणि ते दार आता उघडेल असं वाटायला लागतं. चॉकलेटभोवतीची चांदी नखानं घासून काचेच्या कडेला बसवली की क्रोमची पट्टी होते. पत्र्यावरचे खड्डे भरायला गॅरेजवाले वापरतात तीच लांबी, म्हणजे पुट्टी, घासायला तोच पाण्याचा पेपर, फक्त सगळ्यात मऊ. टायरच्या खाचांत बसवायला मी मागच्या अंगणातली माती कापडातून चाळून घ्यायचे, कारण बाजारात मिळणारी धुळीची पूड आपल्याकडच्या धुळीसारखी दिसत नाही. फवाऱ्याचं छोटं यंत्र आलं तेव्हा सोलापूरचा उन्हाळा आडवा आला. ऊन चढल्यावर फवारा मारला तर रंगाचा थेंब गाडीपर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि टपावर रवा पसरल्यासारखा बसतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी भल्या सकाळी, दूधवाला यायच्या आधी फवारे मारून घ्यायचे.

मागच्या बंद गॅलरीत माझं टेबल होतं. शाळेतून आले, चहा झाला, की मी तिथं. हे म्हणायचे, "दुकानात खऱ्या गाड्यांचे पार्ट, घरात खोट्या गाड्यांचे. आपल्याला काय सुटका नाही." पण मऊ ब्रश कुठं मिळतात, कुठला थिनर रंगाला चिरा पाडत नाही, हे चार ठिकाणी विचारून तेच सांगायचे.

माझ्या कामात सगळ्यात अवघड असायचं मीटर. स्टिअरिंगच्या मागं मोहरीच्या दाण्याएवढे दोन गोल, त्यांत पांढऱ्या खुणा आणि त्यावर लाल काटा. तो काटा मी एका केसाच्या ब्रशनं, श्वास धरून ओढायचे. आलेल्या पाहुण्यांना हे भिंग देऊन तो काटा दाखवायचे. भिंगाशिवाय कुणाला दिसायचा नाही. मी मात्र तो साध्या चाळिशीच्या चष्म्यातून रंगवलेला असायचा. चष्माही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला. दुकानदारानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली तेव्हा मी शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचली होती. "मॅडम, तुमची नजर घारीची हाय," तो म्हणाला होता. कॉलनीतल्या बायका सुईत दोरा ओवायला माझ्याकडे यायच्या. नजरेचा मला अभिमान होता. रूपाचा, आवाजाचा कधी वाटला नाही, पण नजरेचा होता.

बाकीच्या गोष्टी आपोआप होत गेल्या, आणि त्यांच्याकडे आम्ही कुणी नजरेचा दोष म्हणून बघितलंच नाही.

थिनरची बाटली डावीकडे ठेवलेली असायची आणि माझ्या कोपरानं ती पडायची. एकदा पडली, दोनदा पडली. एकदा तर चार रविवार खपून केलेल्या पांढऱ्या मोटारीच्या अंगावर सांडली आणि सगळा रंग सुरकुतला. वर्गात बाकांचे कोपरे मांडीला लागायचे, निळे डाग पडायचे. कुणीतरी शेजारून अचानक उगवल्यासारखं वाटायचं आणि मी दचकायचे. सगळ्यात जास्त त्रास सुट्या भागांचा. बाजूचा आरसा चिमट्यातून निसटला की मी टेबलावर शोधायचे, खाली वाकून शोधायचे, केरसुणीनं गॅलरी झाडून शोधायचे. मग हे यायचे आणि माझ्या मनगटाशेजारून उचलून माझ्या तळहातावर ठेवायचे.

"हाताजवळच तर होता की. मन कुठं असतं तुझं?"

मन त्या आरशातच असायचं, पण मी हसून सोडून द्यायचे.

आमच्या माहेरी अशा माणसाला एक नाव होतं. कुणी तांब्या लवंडला, कुणी उंबऱ्याला अडखळलं, की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "अव्वा झाली तुझी." अव्वा म्हणजे माझी आई. सोलापूरजवळच्या मंद्रूपला, आमच्या गावी, तिचा सगळा जन्म गेला. देवाशी आणि म्हशींशी ती कन्नडमध्ये बोलायची, आमच्याशी मराठीत. तांदळातला खडा तिला कुणाच्याही आधी दिसायचा. सुईत दोरा पहिल्याच खेपेला जायचा. पण दारात ठेवलेली बादली तिच्या पायानं उडालीच म्हणून समजा. वाढताना ती शेजारच्या ताटात पाय द्यायची. अप्पा, म्हणजे आमचे वडील, चिडायचे. "डोळे हायत का गुंड्या?" म्हणायचे. ती पदरानं सांडलेलं पुसून घ्यायची.

मी कॉलेजला सोलापुरात वसतिगृहात होते तेव्हा ती वडापच्या जीपमधून यायची. एसटीची वाट न बघता माणसं कोंबून नेणाऱ्या त्या जीप, मागं लाकडी फळी ठोकलेल्या. एकदा वसतिगृहाच्या दारातच उतरताना तिला पायरी दिसली नाही आणि ती डब्यासकट खाली आली. भाकरी आणि झुणका मातीत. माझ्या मैत्रिणी धावल्या, त्यांनी उचललं. अव्वा खजील होऊन सगळ्यांकडे बघत हसत होती आणि मी तिच्या लुगड्यावरची धूळ झटकत पुटपुटत होते, अव्वा, जरा बघून चाल की.

म्हातारपणी तिची नजर गेली. गावात सगळे मोतीबिंदू म्हणाले, डॉक्टरांनीही मोतीबिंदू काढला, पण पट्टी सोडल्यावर काही फारसा फरक पडला नाही. तिला म्हणे उजेडाची एक भोकाएवढी जागा दिसायची, आणि हळूहळू तीही मिटली. ऑपरेशनला फार उशीर केला म्हणून असं झालं, वय झालं होतं, तिच्या कपाळातच होतं, असं ज्यानं त्यानं आपापलं कारण लावलं. अप्पा तोवर गेले होते. माझा धाकटा भाऊ शेती बघत मंद्रूपलाच होता, त्याच्याकडे ती राहायची. हिवाळ्यात मात्र मी तिला सोलापुरात आणायचे, कारण शेतात थंडी बोचते.

ती गॅलरीत माझ्या टेबलाशेजारी चटई टाकून बसायची. मी काम करताना एकेक गाडी तिच्या हातात द्यायचे. ती बोटांनी चाचपायची, टपावरून, दिव्यांवरून, मागच्या डिकीवरून. थोड्याच दिवसांत ती बोटांनी गाड्या ओळखायला लागली. ही डॉक्टरची, ही पुढाऱ्याची, ही लग्नात नवरा बसतो ती. एक दिवस म्हणाली, "आपल्या वडापची जीप न्हाय व्हय केलीस?"

तसली जीप तयार मिळत नव्हती. मी प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून मागचा भाग कापला, आइस्क्रीमच्या काडीची फळी केली, रेक्झिनच्या तुकड्यातून टप. अव्वाला रोज नवं काहीतरी आठवायचं. मागं लोंबकळायला लोखंडी गज होता. ड्रायव्हरच्या समोर लिंबू-मिरची होती. फळीला एका बाजूला खिळा वर आलेला होता आणि त्यानं तिची दोन लुगडी फाटली होती. मी खिळासुद्धा केला. ती बोट लावून हसली.

रंगाचं मात्र अडलं.

"रंग कसला होता, अव्वा?"

"शेंगंच्या टरफलावानी."

"वाळलेल्या का ओल्या?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. "ओल्या," म्हणाली. मग म्हणाली, "आता मला काय दिसतंय, बाई. तुला बरा वाटंल तो दे."

त्याच दिवसांत एकदा मी जीपच्या चाकाचा नट हरवून शोधत होते. सगळं टेबल उलथंपालथं केलं. हे आले आणि नेहमीप्रमाणे माझ्या हाताजवळून नट उचलून दिला. अव्वाला आवाजावरून कळलं असावं. ती म्हणाली, "माज्यावानीच झालीस की तू." मी हसले. तीही हसली. हेही हसले. त्या दिवशी त्या गॅलरीत आम्हाला सगळं कळायला हवं होतं. तिनं उच्चारून सांगितलं होतं, आणि आम्ही तो विनोद समजलो.

पुढच्या हिवाळ्याच्या आत अव्वा गेली. जीप प्रायमर मारून तशीच राहिली होती. नंतर मी ती पुरी केली, टरफलाच्या रंगाच्या तीन-चार छटा करून बघितल्या, एक ठरवली. भाऊ आला तेव्हा त्याला दाखवली. तो हातात घेऊन बघत राहिला आणि म्हणाला, "मला तर निळी आठवती, अक्का." आता खरा रंग सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी सात रस्ता चौकाजवळ माझा अपघात झाला. स्कूटी हळू चालवत होते. उजवीकडून एक रिक्षा चालली होती, तिच्याकडे लक्ष होतं. डावीकडे रस्त्याच्या कडेला पेरूची हातगाडी उभी होती. उभी, चालत नव्हती. मी सरळ तिच्यात घुसले. पेरू रस्त्याभर झाले आणि मी त्यांच्यात बसलेले. गाडीवाला म्हातारा आधी घाबरला, मग त्यानं मला उठवून फूटपाथवर बसवलं, पाणी दिलं. मी बरी आहे असं दिसल्यावर मग विचारलं, "एवढी हातगाडी दिसली न्हाय, बाई?"

त्यानं रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच नवल वाटत होतं. आणि खरं उत्तर असं होतं की नाही दिसली. तिथं रस्ताच दिसत होता. मोकळा, सरळ रस्ता.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना हाडांच्या डॉक्टरांनी अपघात कसा झाला विचारलं, आणि मग सहज म्हणाले, डोळे दाखवून घ्या एकदा. मला जरा रागच आला. मी त्यांना मीटरच्या काट्याचं सांगितलं. ह्यांनी मोबाइलमधला फोटो काढून दाखवला. त्यांनी कौतुकानं बघितला, आणि तरी चिठ्ठी लिहून दिली.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी आधी अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची ओळ वाचली, आणि ह्यांच्याकडे बघितलं, बघा, अशा अर्थानं. मग डोळ्यांतला दाब मोजला, थेंब टाकून आत बघितलं, आणि एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात बटण. मी बसले. दोन-तीन दिवे चमकले, मी दाबले. मग काहीच होईना. मी वाट बघत राहिले. शेवटी मी तिथल्या मुलीला म्हटलं, अगं, यंत्र बंद पडलं वाटतं.

तिनं यंत्राकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "चालू आहे, मॅडम. तुम्ही बघत राहा."

डॉक्टर बाई माझ्याहून वयानं लहान होत्या. त्यांनी यंत्रातून निघालेले दोन कागद टेबलावर ठेवले. दोन गोल, प्रत्येकाच्या मधोमध पांढरी जागा आणि भोवती काळं. गणिताच्या बाईला आकृती समजावून सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितली. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेनं जाते, आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते.

"म्हणजे मी बारीक काम करते म्हणून झालं का?" मी विचारलं.

"नाही. त्या कामानं झालं नाही," त्या म्हणाल्या. "पण बारीक दिसत होतं म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच झालं असतं."

गेलेलं परत येणार नव्हतं. आहे ते टिकवायचं, त्यासाठी रोज थेंब, जन्मभर. चाळिशीचा चष्मा घेतला तेव्हाच जर दाब मोजला असता तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मीच म्हटलं, मनात. नंतर त्यांनी विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता का?

मी म्हटलं, नाही. आईला मोतीबिंदू होता, एवढंच.

"काढला होता?"

"हो."

"मग दिसायला लागलं का त्यांना?"

मी नाही म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. आणि त्यांनी पुढं काही बोलायच्या आधीच मला वसतिगृहाच्या दारातली पायरी दिसली, मातीत पडलेल्या भाकरी दिसल्या, आणि अव्वाचं ते खजील हसू. तिला कुणी विचारलंच नव्हतं, तुला पायरी दिसते का म्हणून. सगळ्यांनी बघून चालायला सांगितलं होतं. ती बिचारी बघूनच चालत होती. जेवढं दिसत होतं तेवढं सगळं बघून.

ह्यांनी माझा चांगला हात धरला होता. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मीपण किती वेळा बोललो तुला." मी त्यांना म्हटलं, जाऊ दे, तुम्हाला कुठं माहीत होतं. मीही अव्वाला कितीदा बोलले होते, पण ते तिला सांगायला ती आता उरली नव्हती.

हा आजार रक्तात असतो, भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी पुण्यात आहे, तिनं आठवड्यात तपासून घेतलं. तिला काही नाही, पण दरवर्षी बघायचं आहे. भावाला फोन केला तर तो हसला. ज्वारीची काढणी चालली होती. "मला म्हशीच्या अंगावरची गोचीड बांधावरनं दिसती, अक्का. मला काय धाड भरलीय?" मी त्याला सांगितलं, मलाही मीटरचा काटा दिसत होता. तरी तो दोन महिने टाळत राहिला. शेवटी प्लास्टर सुटल्यावर आम्ही दोघं गाडी घेऊन मंद्रूपला गेलो. मी अंगणात पाऊल टाकायच्या आधी मान वळवून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खाली बघितलं, मग पाऊल टाकलं. दारात बादली होती. भाऊ ओसरीवरून माझ्याकडे बघत होता. तो आत गेला आणि शर्ट बदलून आला.

त्याच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. नसेला मात्र अजून फारसं काही झालं नव्हतं. कागदावर कडेला जरासा काळा डाग. वेळेवर आलात, डॉक्टर बाई त्याला म्हणाल्या. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी अव्वा आठवली. वेळेवर हा शब्द आमच्या घरात एकाच माणसाच्या वाट्याला आला होता.

परत सोडायला जाताना तो पुढं ह्यांच्या शेजारी बसला होता, मी मागं. विजापूर रोडवरून गाडी चालली होती. मग मागं न वळता तो म्हणाला, "अव्वाला आपण लई बोललो, अक्का."

ह्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं आणि गाडी जरा हळू केली.

त्यानंतर आमच्या घरात 'अव्वा झाली' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तसं काही ठरलं नव्हतं. भावाच्या सुनेच्या हातून परवा दुधाचं पातेलं लवंडलं तर सगळे गप्प राहिले, आणि ती उगाच घाबरली की आपलं फार काही चुकलं.

स्कूटी विकली. आता मी रिक्षानं जाते किंवा हे सोडतात. गाड्यांचं काम सोडलं नाही, पण ते पहिल्यासारखं नाही. ह्यांनी दुकानाशेजारच्या सुताराकडून एक लाकडी ठोकळा करून आणला, त्यात भोकं पाडून बाटल्या बसवल्या, त्यामुळं थिनर आता पडत नाही. टेबलावर कड असलेली स्टीलची परात ठेवली आहे. सगळं काम तिच्यात. काही निसटलं तर परातीतच राहतं, मी बोटानं कडेकडेनं चाचपत जाते आणि सापडतं. फवारा मात्र मी बंद केला. टपावर फवारा मारताना हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच लयीत जावा लागतो आणि डोळ्यांना सगळं टप एकदम दिसावं लागतं. मला मधला तुकडा दिसतो. शेवटच्या गाडीचं टप एका बाजूला दाट आणि एका बाजूला विरळ झालं, आणि ते मला कळलंसुद्धा नाही. मुलगी सुटीत आली होती, तिनं चाचरत सांगितलं. मी तो रंग उतरवला नाही. पुन्हा मारला तरी तसाच बसणार होता. आता आतलं काम करते, गाद्या, स्टिअरिंग, दारांच्या मुठी. बाहेरचा रंग जो असेल तो असू देते.

हळहळ वाटते ती कामाची नाही, किंवा फक्त कामाची नाही. या छंदानं मला फार सुख दिलं. पण ज्या डोळ्यांच्या जोरावर मी ते घेतलं त्यांनीच मला इतकी वर्षं गाफील ठेवलं. मोहरीएवढं दिसत होतं म्हणून हातगाडीएवढं दिसत नाही याची शंका आली नाही. नुसत्या तांदळातल्या खड्यांवरून आम्ही अव्वाची नजर चांगली ठरवली होती, तीच चूक पुन्हा झाली, आणि या वेळी घरात शिकलेली माणसं होती. कधी वाटतं, ती अजून असती तर मी तिला सांगितलं असतं की तुझं काही चुकत नव्हतं. मग वाटतं, ती म्हणाली असती, जाऊ दे की, आता काय त्याचं. आणि पदरानं काहीतरी पुसायला लागली असती.

एखादी गाडी पुरी झाली की आता एक नवीनच प्रकार करावा लागतो. टेबलावर ठेवलेली गाडी मला एका नजरेत मावत नाही. आधी बॉनेट दिसतं, मग मान वळवली की दार, मग डिकी. तुकडे मनात जोडून घ्यावे लागतात. म्हणून हे गाडी तळहातावर घेतात आणि मागं मागं सरकत गॅलरीच्या पार टोकाला, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी जाऊन उभे राहतात.

"आता?" विचारतात.

"अजून थोडं मागं."

ते भिंतीला टेकतात. तिथं ती सगळी दिसते, चाकांपासून टपापर्यंत, एकदम. पण तेवढ्या लांबून ती नखाएवढी असते, आणि तिच्यावर मी काय काय केलंय ते काहीच कळत नाही. मी तरी बघते. ह्यांचा हात अवघडेपर्यंत बघते. मग ते ती परत आणून कपाटात ठेवतात, आणि मी ब्रश धुवायला घेते.